सात पौंड बारा

“पण तिने ते बाळाचं काढलं तर?”

“कोण, अदिती? ती कॉलवर काही बोलत नाही.”

अदिती म्हणजे मी. ऑफिसच्या पँट्रीत फ्रिजच्या दाराआड उभी राहून मी माझा डबा शोधत होते. पलीकडे कॉफीच्या मशीनपाशी आमचा टीम लीडर हेमंत आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी वर्षा बोलत होते. हेमंतच्या आवाजात कुचकेपणा अजिबात नव्हता. रविवारी सुट्टी असते, उन्हाळ्यात पंखा लागतो, तशी अदिती बोलत नाही, इतक्या सहज तो म्हणाला. मी फ्रिजचं दार हळूच लावलं आणि दोघं जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

थोड्याच वेळात इंग्लंडमधल्या एका क्लिनिकबरोबर आमचा गुरुवारचा कॉल होता. तिथल्या एका तान्ह्या मुलीचं वजन जन्मापासून वाढलंय, असं त्या क्लिनिकच्या कागदांवर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते घटलं होतं. हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. पुण्यात विश्रांतवाडीला, रंगाच्या दुकानावर असलेल्या आमच्या ऑफिसात ते तिघांना माहीत होतं. त्या तिघांपैकी दोघं पँट्रीतून बाहेर पडले आणि तिसरी डबा हातात धरून उभी होती.

मी मेडिकल ट्रान्सक्रिप्शनिस्ट होते. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ‘मुलगी आयटीत आहे’ एवढं म्हटलं की नातेवाईक पुढे विचारायचे नाहीत. आम्ही काही आयटीत नव्हतो, पण गळ्यात कार्ड होतं, एसी होता आणि जिन्यात ‘कृपया थुंकू नये’ इंग्रजीत लिहिलेलं होतं, त्यामुळे कोणाला शंका यायची नाही. काम सांगायला सोपं. तिकडचा डॉक्टर पेशंट तपासून झाला की छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलतो. ती फाइल इकडे येते. आपण हेडफोन लावायचा, पायाखाली पेडल असतं ते दाबायचं, आवाज सुरू होतो. पाय उचलला की थांबतो, टाच टेकवली की थोडा मागे जातो. ऐकायचं आणि टाइप करायचं. पुढे ते पत्र पेशंटच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातं आणि पुढचा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून औषध देतो.

या धंद्याचा एकच मोठा नियम: ऐकू येईल तेच टाइप करायचं. स्वतःची अक्कल घालायची नाही. कळलं नाही तर जागा रिकामी सोडायची आणि त्या ओळीला एक खूण लावायची. त्या खुणेला आम्ही ‘फ्लॅग’ म्हणायचो. फ्लॅग तिकडे जायचा, सवडीने उत्तर यायचं.

इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी धीट असते, असा आपल्याकडे एक समज आहे. मला इंग्रजी येत होतं, पण ते कोणासमोर बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. खरं तर मराठीतही पडायचा. बीएस्सी झाल्यावर मैत्रिणी हिंजवडीला कॉल सेंटरमध्ये लागल्या. जाहिरातीत ‘उत्तम श्रवणकौशल्य हवे’ एवढंच लिहिलेलं पाहून मी इकडे आले. स्कूटीवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून जायचं, दिवसभर कानात हेडफोन घालून बसायचं आणि पुन्हा स्कार्फ बांधून घरी यायचं. इतकी माझ्या मापाची नोकरी मला पुन्हा मिळायची नाही.

माझ्याकडे होतं ते क्लिनिक लहान मुलांचं होतं. तिथे दोन डॉक्टर. एक म्हातारे, एक तरुण. नावं सांगणार नाही. तेव्हाही सांगायची नसत. म्हातारे डॉक्टर बोलायला लागले की वाटायचं, पेठेतलेच कोणी काका आरामखुर्चीत बसून बोलताहेत. किलो, सेंटिमीटर वगैरे गोष्टी त्यांना मान्यच नव्हत्या. मुलांची वजनं पौंडात आणि औंसात, आयांची वजनं स्टोनमध्ये. एक स्टोन म्हणजे चौदा पौंड. चौदाच का, हे विचारायचं नाही. आपल्याकडे मणाला चाळीस शेर का, हे तरी कुठे कोणी विचारलं होतं?

एकदा त्यांनी सांगितलं, मुलाच्या पाठीवरचा चट्टा ‘हाफ-क्राउनएवढा’ आहे. वर्षा यवतमाळची. फार गोड आणि फार बोलकी. तिने हेडफोन काढला.

“हे काय असते बाप्पा? मुकुट? अर्धा मुकुट पाठीवर?”

हेमंतने इंटरनेटवर शोधलं. ते निघालं तिकडचं जुनं नाणं, अडीच शिलिंगाचं. चलनातून जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आम्ही फ्लॅग लावला: कृपया माप मिलिमीटरमध्ये द्यावे. दोन दिवसांनी डॉक्टरांचं उत्तर आलं: ‘साधारण हाफ-क्राउनएवढा.’

मी घरी आईला हे सांगितलं. ती हसली नाही. “बरोबरच आहे की. आपण नाही का म्हणत, चार आण्याएवढं कुंकू? चार आण्याचं नाणं आता कोण घेतं? पण कुंकू किती मोठं ते कळतं ना.”

त्यानंतर त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मला आपलेपणा वाटायला लागला. जग पुढे गेलं तरी आपली मापं न सोडणारी माणसं मला घरातूनच माहीत होती.

तरुण डॉक्टरांना मात्र पौंड कळत नसत. तिथल्या शाळांत किलोच शिकवतात. त्यांनी तक्रार केली असावी, कारण एक दिवस क्लिनिककडून सूचना आली: पौंडापुढे कंसात किलोही द्यावेत. रोज कोण गुणाकार करत बसणार? हेमंतने एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. आपण वजन टाइप करायचं, एक बटण दाबायचं, कंसात किलो आपोआप उमटतात. सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. हेमंत लाजला आणि उठून उभा राहिला तेव्हा नेहमीप्रमाणे त्याचं डोकं वरच्या पंख्याला लागता लागता राहिलं.

हेमंतची उंची या गोष्टीत महत्त्वाची आहे. म्हणून जरा आमच्या घरी येते.

माझी आई नारायण पेठेत घरूनच वधू-वर सूचक मंडळ चालवायची. आधी सगळं फायलींत होतं. मग स्थळ शोधायला आलेल्या एका हौशी वडिलांनी तिला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि सगळी नावं एक्सेलमध्ये भरून दिली. वय, शिक्षण, गोत्र, उंची. आता उंची आपण सगळे कशी लिहितो? पाच फूट चार इंच म्हणजे ५.४. पत्रिकेत, अर्जात, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, सगळीकडे. मी ५.३. हे पॉइंट-तीन नाही, तीन इंच आहेत, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. त्या टिंबाचा अर्थ आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरला तो कोणी सांगितला नव्हता.

वर्षभर आई म्हणत होती, “पुण्यात उंच मुलंच उरली नाहीत गं. पाच-सहाच्या वरचा मुलगा मागितला की यादी पाच-नऊला संपते.” त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. जग बिघडत चाललंय, यावर तिचा तसाही विश्वास होता.

एका रविवारी एक बाई तणतणत आल्या. मी स्वयंपाकघरात होते. परकं माणूस आलं की मी स्वयंपाकघरातच असते.

“अहो, वर्ष झालं नाव नोंदवून. एकसुद्धा स्थळ नाही. माझ्या मुलात कमी काय आहे, ते तरी कळू दे आम्हाला.”

आईने यादी उघडली असावी.

“स्पष्ट बोलते, राग मानू नका,” आई म्हणाली. “शिक्षण छान आहे, नोकरी छान आहे. पण हल्लीच्या मुली उंचीचं फार बघतात. आता आपल्या चिरंजीवांचा नंबर शेवटून चौथा लागतोय.”

“शेवटून?”

तेवढ्यात गाडी लावून चिरंजीव आले. आमच्या दाराची चौकट काही फार ठेंगणी नाही, तरी ते वाकून आत आले. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून मला दिसलं: हेमंत. माझ्या हातातली गाळणी तशीच हातात राहिली.

आई त्याच्याकडे पायांपासून वर बघत गेली. “हे थोरले का?”

“एकुलता एक आहे हो!”

५.११. कॉम्प्युटरच्या हिशेबात पाच पॉइंट अकरा हे पाच पॉइंट दोनपेक्षा लहान. आणि ५.१० चं तर त्याने शेवटचं शून्य खाऊन ५.१ करून टाकलं होतं. पुण्यातली सगळी उंच मुलं आईच्या यादीच्या तळाशी, ठेंगण्या मुलांच्या रांगेत गुपचूप उभी होती आणि कोणीही त्यांना विचारत नव्हतं.

हेमंत खो खो हसत सुटला. आई हसली नाही. ती म्हणाली, “या यंत्राने वर्षभरात माझ्या किती मुलांचं नुकसान केलं, ते आता मोजायला हवं.” आणि खरंच, पुढचे काही दिवस तिने त्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करून दिलगिरी व्यक्त केली. पेठेतल्या माणसाने दिलगिरी व्यक्त करणं ही लहान गोष्ट नाही.

मी काही बाहेर गेले नाही. पाण्याचे पेले फटीतून सरकवले. पण दाराजवळच्या खिळ्याला माझं ऑफिसचं कार्ड फोटोसकट लटकत होतं. सोमवारी हेमंत माझ्या टेबलापाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, “कार्ड आणलंस ना?” मी मान हलवली. तो विषय तिथे संपला. (नाही, तसं काही पुढे झालं नाही. आईनेही विचारलं होतं.)

यानंतर काही आठवड्यांनी ते बाळ आलं. म्हणजे तरुण डॉक्टरांच्या आवाजातून आलं. तीन आठवड्यांची मुलगी. त्यांनी सांगितलं: आजचं वजन तीन पॉइंट तीन चार किलो, जन्माच्या वजनापेक्षा जास्त आहे, दूध पुरतंय, आईला काळजी करू नका असं सांगितलं आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहू.

डॉक्टर सहसा पेशंट गेल्यावर बोलतात. हे घाईत होते, आई खोलीतच होती. त्यांच्या आवाजाच्या मागून तिचा आवाज येत होता. ती कोणाशी बोलत नव्हती, बाळाचे कपडे आवरता आवरता स्वतःशीच म्हणत होती. पेडल मागे घेऊन मी नीट ऐकलं. मराठीत सांगायचं तर ती म्हणत होती, “हिचं पोट कधी भरतच नाही.”

मागचे आवाज टाइप करायचे नसतात. मी केला नाही. पण पाय पेडलवरून उचलला गेला.

मी आधीचं पत्र उघडलं. ते म्हाताऱ्या डॉक्टरांचं होतं आणि वर्षाने टाइप केलं होतं. जन्माचं वजन: ७.१२ पौंड, कंसात ३.२३ किलो. जुनी रेकॉर्डिंग्ज काही महिने आमच्याकडे राहायची. मी ते शोधून लावलं. म्हातारे डॉक्टर मजेत सांगत होते: “सेव्हन पाउंड्स ट्वेल्व्ह, आणि बाईसाहेब स्वतःवर खूश आहेत.”

सात पौंड बारा. बारा औंस. पौंडात औंस असतात सोळा. आमच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे राहिले नव्हते, तरी गोळीवाला ‘बारा आणे दे’ म्हणायचा आणि आम्ही पंच्याहत्तर पैसे द्यायचो. सोळातले बारा म्हणजे पाऊण. ती मुलगी जन्मली तेव्हा पावणेआठ पौंडांची होती. साडेतीन किलोंच्या थोडी वरच. आम्ही सगळे, मीसुद्धा, सात पौंड बारा हे ७.१२ असंच टाइप करत होतो, कारण घरी पाच फूट चार हे ५.४ लिहायची सवय होती. टाइप करण्यापुरतं ते चालूनही गेलं असतं. पण मॅक्रो बिचारा त्या टिंबाचा शाळेत शिकवतात तोच अर्थ घेत होता आणि जन्मतःच त्या मुलीच्या वजनातला पाव किलोहून जास्त भाग त्याने कापून टाकला होता. त्यामुळे तीन आठवड्यांत वाढण्याऐवजी घटलेलं बाळ कागदावर वाढलेलं दिसत होतं. आणि त्याच्या आईला सांगितलं गेलं होतं, सहा आठवडे येऊ नका.

मी नियमाप्रमाणे फ्लॅग लावला: कृपया जन्माचे वजन तपासावे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘डॉक्टरांनी सांगितले आहे तसेच टाइप करावे.’ उत्तर बरोबर होतं. तरुण डॉक्टरांनी सांगितलेलं आणि मी टाइप केलेलं तंतोतंत जुळत होतं. चूक त्यांनी वाचलेल्या पत्रात होती आणि ते पत्र पुण्याहून गेलं होतं.

मग मी हेमंतकडे गेले. वर्षाही शेजारीच होती.

“हेमंत, सात पौंड बारा आपण सात पॉइंट बारा लिहितो.”

“बरं. मग?”

“तू पाच पॉइंट अकरा आहेस.”

तो हसायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्याने मॅक्रो उघडला, त्यातली गुणाकाराची ओळ वाचली आणि खुर्चीत मागे टेकला. वर्षाने तोंडावर हात ठेवला. “मीच टाइप केलं होतं ना ते? अगं बाई.”

“तुझी चूक नाही,” मी म्हणाले. “आपण सगळेच तसं लिहितो.”

“आजच बदलतो मॅक्रो,” हेमंत म्हणाला. “पौंडाचा चौकोन वेगळा, औंसाचा वेगळा.”

“आणि गेलेली पत्रं?”

त्याने दाराकडे बघितलं. “पुढच्या आठवड्यात काँट्रॅक्ट रिन्यू होतंय. एकदा सह्या होऊ देत, मग मी व्यवस्थित मेल करतो. काय चुकलं, कसं चुकलं, सगळी पत्रं दुरुस्त करून. आत्ता सांगितलं तर ते म्हणतील, यांना वजनसुद्धा लिहिता येत नाही. आणि मग इथल्या सगळ्यांनी काय करायचं? वर्षाच्या घरी तिच्या पगाराकडे डोळे लावून बसलेत.”

वर्षा कीबोर्डकडे बघत राहिली.

“आणि बाळ?”

“तिथे डॉक्टर आहेत, अदिती. आपण टायपिस्ट आहोत.”

हेमंत वाईट माणूस नव्हता. आजही नाही. त्याने जे मांडलं त्यात एकही खोटी गोष्ट नव्हती. तो आठवडाभर थांबा म्हणत होता. पण तीन आठवड्यांच्या बाळाचा आठवडा आणि काँट्रॅक्टचा आठवडा यांचं माप एक नसतं. हे मला त्याच्यासमोर उभी असताना सुचलं नाही. घरी भांडी विसळताना सुचलं.

आईला मी क्लिनिकचं नाव न सांगता सगळं सांगितलं. ती एका मुलाची पत्रिका चाळत होती.

“मग सांगायचं,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“ज्यांचं बाळ आहे त्यांना.”

“तुला सोपं आहे. तू रोज अनोळखी माणसांना फोन करतेस.”

“मलाही पहिल्या फोनला घाम फुटला होता. समोरून एक गृहस्थ म्हणाले, ‘बोला,’ आणि मी फोन ठेवून दिला.” तिने चष्मा काढला. “पण उंच मुलगा ठेंगणा म्हणून पडून राहिला तर त्याचं फार तर वर्ष जातं. त्या लेकराकडे वर्ष आहे का?”

ती पुन्हा पत्रिका चाळायला लागली. आमच्या घरात यापेक्षा मोठा उपदेश कधी झाल्याचं मला आठवत नाही.

त्या कॉलचं सांगण्याआधी पुढचं सगळं सांगून टाकते, कारण मला गोष्ट तिथेच संपवायची आहे.

काँट्रॅक्ट गेलं नाही. सह्या लांबल्या. तोवर सगळ्या ऑफिसने जुनी पत्रं पुन्हा ऐकून काढली, चहा आणि वडापाववर. बाकीच्या चुका बारीक होत्या; आयांची वजनं थोडी इकडेतिकडे. हेमंतला वरून बोलणी बसली आणि तो बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. मग एका सकाळी माझ्या टेबलावर कॉफी ठेवून गेला. पुढे तो हिंजवडीला मोठ्या कंपनीत गेला. आईच्या यादीत फुटांचा रकाना वेगळा आणि इंचांचा वेगळा झाला होता, त्यामुळे त्याचं लग्नही झालं. मुलगी पाच-आठ, दोघं शोभतात. वर्षा वाघोलीला राहते. अजूनही फोनवर मला विचारते, “बोलत काऊन नाहीस? ऐकतेस का नुसतीच?”

आणि बाळ. काही आठवड्यांनी म्हाताऱ्या डॉक्टरांची फाइल आली. त्या मुलीला वेगळं दूध सुरू केलं होतं, पाठपुरावा नीट चालू होता. नेहमीच्या आवाजात त्यांनी सांगितलं, “वजन दहा पौंड चार औंस,” आणि जरा थांबून पुढे म्हणाले, “पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींसाठी सांगतो: म्हणजे सव्वादहा.” हे दुसरं वाक्य पत्रात घालायचं नव्हतं. मी घातलं नाही. पण टाच टेकवून पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा.

ते ऑफिस आता नाही. आवाज ऐकून स्वतःच टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं आणि आम्ही ‘एडिटर’ झालो. यंत्राने लिहिलेलं वाचायचं आणि शंका आली तरच ऐकायचं. सॉफ्टवेअर हुशार आहे. पौंड आणि औंस ते बरोबर ओळखतं, टिंबाचा घोळ करत नाही. फक्त डॉक्टरांच्या मागचे आवाज ते आधीच गाळून टाकतं. खुर्ची सरकल्याचा, दार वाजल्याचा, कोणीतरी स्वतःशी काही पुटपुटल्याचा. फाइल इतकी स्वच्छ येते की मला कधी कधी ती अर्धी वाटते.

तर, तो गुरुवार.

कॉन्फरन्स रूम म्हणजे एक टेबल आणि मधोमध ठेवलेला काळा स्पीकरफोन. हेमंत, वर्षा, मी. त्या क्लिनिकचं काम माझ्याकडे म्हणून मला बसवायचे, आणि कॉल सुरू झाला की आमच्या बाजूचा आवाज बंद करणारं बटण सांभाळायचं काम माझं. म्यूटच्या बटणावर बोट ठेवायला माझ्याइतकं योग्य माणूस ऑफिसात दुसरं नव्हतं.

क्लिनिकच्या मॅनेजर बाई प्रसन्न होत्या. त्यांनी तिकडच्या थंडीबद्दल सांगितलं. आमच्या कामाची अचूकता उत्तम आहे म्हणाल्या. हेमंतने बटण काढायला खूण केली, आभार मानले, मी पुन्हा बटण दाबलं. बाई पुढे बोलत राहिल्या. मी त्या काळ्या फोनकडे बघत होते. त्याच्या पलीकडे कुठेतरी एक बाई दुपटी आवरत स्वतःशी बोलत होती आणि तिचं म्हणणं ऐकलेली जगात मी एकटी होते. तिच्या डॉक्टरांनीही ते ऐकलं नव्हतं, कारण ते त्या वेळी बोलत होते.

“तुमच्याकडून आणखी काही?” बाईंनी विचारलं.

हेमंतने माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण सोडलं, लाल दिवा विझला. तो म्हणाला, “नो, नथिंग फ्रॉम अवर साइड.”

“लव्हली,” बाई म्हणाल्या.

आता पुन्हा बटण दाबायचं होतं. वर्षा माझ्या बोटाकडे बघत होती. मी हात मांडीवर घेतला. घसा नेहमीसारखाच कोरडा पडला होता. मला वाटायचं, बोलणाऱ्या माणसांचा घसा कोरडा पडत नसेल. तसं काही नसतं, तसंच बोलायचं असतं. बोलले इंग्रजीत, पण आठवतं ते मराठीत, आणि तसंच इथे देते.

“एक मिनिट, मॅडम. मी अदिती. त्या तीन आठवड्यांच्या मुलीचं वजन वाढलेलं नाही, कमी झालंय. आकडा आमच्याकडून चुकलाय. तिचं पोट भरत नाहीये. तिच्या आईला आजच फोन करा.”